कोरा धरून सहा

सहा बाटल्या ओळीत मांडल्या. पहिली कोरी.
तिच्यात सगळं आहे, आम्ल, बफर, रंग आणणारं द्रव्य,
फक्त लोखंड नाही.
मग एक, दोन, तीन, चार, पाच,
दशलक्षात एवढे भाग.
दहा मिनिटं थांबायचं.
दुसरीत नुसता संशय येतो,
तिसरीत पपईच्या सालीवरची पहिली रेघ,
सहावी अबोलीची, पूर्ण उमललेली,
फोंड्याच्या बाजारात ओल्या पानावर ठेवतात तशी.

रेघ आता संगणक ओढतो.
तरी मी कागदावर एकदा ओढून बघते.
डिकॉश्ता सरांनी शिकवलेलं:
पट्टी धर, ठिपक्यांच्या मधून जा,
कुणालाच फार दुखवू नकोस.
आणि शेवटच्या ठिपक्यापाशी थांब.
पुढं लांबवायची नाही.
पुढचं आपल्याला माहीत नाही.

भाजी आणली होती जयवंती गावसनं,
डिचोलीच्या वरून, दोन बशी बदलून.
तांबडी भाजी, मुळासकट, दोन जुड्या.
सुनेला सातवा महिना, रक्त आठावर आलेलं,
नर्स म्हणाली, हीच खा रोज.
ती म्हणाली, खाताच की रोज. मग?
मग मोजून दे.

एक जुडी आली तशी चिरली, वाळवली.
आग्नेलनं भट्टी साडेपाचशेवर लावली.
सकाळी मुशीत
तांबडं काहीच नव्हतं.
भाजीचा लाल रंग लोखंडाचा नसतो,
हे मी दर वर्षी मुलांना सांगते
आणि दर वर्षी मलाच थोडं वाईट वाटतं.
पण राख पांढरीही नव्हती.
विटकरी होती, घराच्या जोत्यासारखी.

नमुना यंत्रात ठेवला.
आकडा शेवटच्या ठिपक्याच्या पार पलीकडे.
दहापट पातळ केला. तरी बाहेर.
आणखी पातळ केला, मग रेघेवर आला,
गुणाकार केला,
आणि एवढं लोखंड कुठल्या पानात असेल
हे मलाच खरं वाटेना.
कोरा पुन्हा तपासला. कोरा कोराच होता,
म्हणजे शून्य पूर्णांक शून्य शून्य चार.
तेवढं असतंच. ते वजा करतात.

दुसरी जुडी धुतली. तीन पाण्यांनी.
पहिलं पाणी बेसिनमध्ये गेलं
ते खाणीच्या वाटेवरचं होतं,
ट्रक बंद होऊन किती वर्षं झाली
तरी पानाच्या मागच्या बाजूला बसून राहिलेलं.
या जुडीचा आकडा रेघेवर बसला,
तिसऱ्या ठिपक्याच्या जरा खाली.
भाजीला असावं तेवढं. फार नाही.

यंत्राला दोन्ही लोखंडं सारखीच.
त्याला नारिंगी दिसतं, ते नारिंगी मोजतं.
रक्तात कुठलं उतरेल
आणि कुठलं नुसतंच पोटातून जाईल
त्याची बाटली माझ्या ओळीत नाही.

जयवंतीला हे कसं सांगायचं
म्हणून मी आलेखच पुढं केला.
तिनं रेघेवरून बोट फिरवलं,
टोकाशी आल्यावर आपणहून थांबली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "म्हळ्यार इतलीं वर्सां आमी माती खाल्ली?"
मला हसू आलं. तिला नाही.

अहवालात रकाना एकच आहे: लोह, मिलिग्रॅम, शंभर ग्रॅमला.
धुतलेली, न धुतलेली, असा रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं दोन्ही आकडे लिहिले
आणि सही पेनानं केली.
गोळ्यांचंही बोलले, नर्सकडच्या,
सून घेते का विचारलं.
ती म्हणाली, मळमळतं तिला.

उरलेली भाजी तिनं टाकू दिली नाही.
बेसिनपाशी उभी राहिली, पदर खोचून,
एकेक पान उलटं करून अंगठा फिरवत,
नळाला हात घातला
तर मीच म्हटलं, थांब,
आणि शुद्ध पाण्याचा कॅन उघडून दिला,
तो फक्त कोऱ्यासाठी असतो.
आग्नेल बघत होता.
"तीनदा?" तिनं विचारलं.
तीनदा, म्हटलं.
ती मोजत होती. मीही मोजत होते.